पितळी घुबडाच्या पोटात भोक कशाला? विडीकाडीच्या जुन्या धातूच्या बाहुल्या ओळखायच्या कशा

नाशकात जुन्या वस्तूंचा नाद लागला की एक प्रकार सारखा समोर येतो, तो म्हणजे "हे नेमकं आहे काय" टाईपची धातूची बाहुली. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात फडकं टाकून बसलेल्याकडे, भद्रकालीकडच्या एखाद्या भंगारवाल्याकडे, नाहीतर देवळाली कॅम्पला जुना बंगला रिकामा होतो तेव्हा त्या सामानात. घुबड, डुक्कर, माकड, हॅटवाला म्हातारा, बूट, कवटी, हत्ती, काहीही असतं. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं, "शोपीस आहे दादा, इंग्रजांच्या काळातला." अहो पण शोपीसच्या तोंडात पातं कशाला असेल आणि तळाला खरखरीत रेघा कशाला?

यातल्या बऱ्याच वस्तू विडीकाडीच्या असतात, म्हणजे सिगार, पाईप, सिगारेट, काड्या, लायटर या खात्यातल्या. आणि आपल्याकडे त्या सापडतात याचं नवल नको, कारण देवळाली म्हणजे ब्रिटिश सैन्याचा मोठा कॅम्प, मायदेशी परतणारे सोल्जर इथे बोटीची वाट बघत थांबायचे, त्यात ऑफिसरांचे आणि पारशी मंडळींचे बंगले, त्यामुळे टेबलावरचं विलायती सामान इथे भरपूर आलं आणि पुढे ते तांबट आळीपासून भंगारापर्यंत कुठेही फिरलं. हा लेख नवीन लोकांसाठी आहे, जे हातात वस्तू घेऊन गोंधळतात त्यांच्यासाठी. स्वतः ओढत असाल नसाल, त्याचा काही संबंध नाही.

आधी हे करा: घासू नका

वस्तू घरी आणली की आई किंवा आजी चिंच नाहीतर पितांबरी घेऊन तयारच असते. थांबवा त्यांना. काजळी, तंबाखूचा चिकट थर, एखाद्याच जागी गुळगुळीत झालेला धातू, हाच तुमचा पुरावा आहे आणि चिंचेने तो पाच मिनिटांत जातो. कोरडा मऊ टूथब्रश फिरवा, कानात घालायची कापसाची काडी भोकात हळू फिरवा आणि त्यावर काय येतं ते बघा. काळी भुकटी आली तर आग किंवा धूर, तपकिरी चिकट आलं तर तंबाखू, पांढरं कडक काही आलं तर बहुधा चुना, म्हणजे वस्तू ओढायची नसून पानाच्या डब्यातली असू शकते. वासही घ्या, जुन्या लायटरच्या टाकीतल्या कापसाला कितीतरी वर्षांनीसुद्धा पेट्रोलसारखा वास येतो.

मग उलटी करा

बाहुलीचा चेहरा बघत बसू नका. कलाकुसर बघून ती कशासाठी केली हे कळत नाही, कारण तेच डुक्कर काडेपेटी म्हणूनही केलेलं असतं आणि सिगार कटर म्हणूनही. काम कळतं ते तळ, भोक, बिजागरी आणि झीज यांच्यावरून. म्हणून पहिल्यांदा उलटी करायची, मग काय काय हलतं ते बघायचं, डोकं मागे जातं का, शेपूट फिरते का, कान दाबले जातात का. जोर लावू नका, दीडशे वर्षं टिकलेली स्प्रिंग आपल्या उत्साहाने तुटते.

हातात एक छोटा लोहचुंबक आणि मिलिमीटरची पट्टी ठेवा, जमलं तर व्हर्नियर कॅलिपर. चुंबक सगळ्या अंगाला चिकटला तर लोखंड, म्हणजे बिडाचं ओतकाम. अजिबात नाही चिकटला तर पितळ, ब्राँझ, चांदी, जस्त काहीही असू शकतं, मग तळाला जिथे रंग घासला गेलाय तिथे बघा, पिवळं दिसलं तर पितळ, लालसर तपकिरी दिसलं तर ब्राँझ किंवा तांबं, आणि राखाडी दिसलं तर जस्ताचा मिश्रधातू ज्याला वरून ब्राँझसारखा रंग दिलाय. हा शेवटचा माल आतून पोकळ, हलका, नखाने टिचकी मारली तर बद्द आवाज देतो, आणि विकणारे तो ब्राँझ म्हणूनच विकतात. आणि एक मजा, अंग पितळेचं असून तोंडात किंवा पोटातल्या फटीतच चुंबक ओढला गेला तर आत पोलादाचं पातं असायची दाट शक्यता. तुमच्या हातात बहुतेक सिगार कटर आहे.

भोक मोजा, अर्धं काम तिथेच होतं

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधारण २ मिमीचं भोक म्हणजे काडीचं. सुमारे ८ मिमी म्हणजे सिगारेटचं. १५ ते २० मिमी म्हणजे सिगारचं, कारण सिगारची जाडी इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात आणि ५० नंबरची सिगार म्हणजे जवळपास २० मिमी जाड. भोकच नाही पण पायाचा तळ गोल, सपाट आणि एक ते दीड सेंटीमीटरचा, तर पाईपमधला तंबाखू दाबायचा दट्ट्या.

आता काडीच्या भोकावरून नवीन माणूस हमखास चकतो, कारण आपल्याला भोक दिसलं की उदबत्तीच आठवते. उदबत्तीच्या घरात सहसा एकापेक्षा जास्त भोकं असतात, आसपास राख पडायला जागा असते, देवघरातलं असेल तर हळदीकुंकवाचे कण खाचेत सापडतात. विलायती प्रकार वेगळा. छोटी बाहुली, समजा एखादा सैनिक किंवा मनोरा, वरच्या टोकाला एकच बारीक भोक, डोकं किंवा झाकण उघडलं की आत काड्या ठेवायची पोकळी आणि तळाला कानशीसारख्या रेघा. विलायतेत याला गो-टू-बेड म्हणतात. मेणाची काडी तळाला ओढायची, त्या भोकात उभी खोचायची, ती जळेपर्यंत जो मिनिटभर उजेड मिळतो तेवढ्यात अंथरुणात शिरायचं. एवढ्यासाठी कुणी बाहुली ओतली हे ऐकून लोक हसतात, पण मेणबत्ती विझवल्यावर अंधारात ठेचकाळत जायचं म्हणजे काय हे लोडशेडिंग बघितलेल्या माणसाला सांगायला नको. ओळख पटवायला तीन गोष्टी एकत्र लागतात, वर एक भोक, आत पोकळी, खाली रेघा. तीनपैकी एकच सापडली तर घाई करू नका.

तळाला रेघा आहेत, पण वर भोक नाही

मग काड्यांची डबी. खिशात मावेल एवढी, बिजागरीचं झाकण, झाकण बोटाने सोडलं की स्प्रिंगने टच्कन बसतं, आणि कुठेतरी कडेला किंवा बुडाला आडव्या रेघा. विलायतेत यांना व्हेस्टा केस म्हणतात. त्या काळच्या काड्या कुठेही घासल्या की पेटायच्या, त्यामुळे खिशात सुट्ट्या ठेवल्या तर पँट पेटायची भीती, म्हणून ही धातूची डबी. घुबड, डुक्कर, बूट, कवटी, माणसांची मुंडकी, असले आकार यातच जास्त. आत काडी बसेल एवढी खोली पाहिजे, तीन साडेतीन सेंटीमीटर तरी. तेवढी नसेल आणि झाकण घट्ट, रेघा नाहीत, तर ती तपकिरीची डबी असायचा संभव जास्त, कापसाच्या काडीवर तपकिरीचा भुसा आला तर प्रश्नच मिटला.

चांदीची असेल तर आतल्या बाजूला, झाकणाच्या कडेला बारीक छाप शोधा. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, आणि शंका असेल तर सराफ बाजारात ओळखीच्या सराफाला दाखवा, तो चांदी आहे की नाही एवढं नक्की सांगेल, पण ही वस्तू कशाची हे त्याला विचारू नका, तो वजनावरच बोलणार आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. ई.पी.एन.एस. ही अक्षरं असतील तर मात्र चांदी नाही, वरून चांदीचा मुलामा दिलेली निकेल मिश्रधातूची वस्तू आहे.

झाकण नसलेली उघडी पिंपासारखी किंवा टोपलीसारखी जागा घेऊन बसलेली बाहुली असते, ती टेबलावरची काड्या ठेवायची. हुबेहूब तशीच दात कोरायच्या काड्यांचीही असते. फरक एकच, रेघा. आणि बाहुलीच्या पाठीला किंवा मांडीवर आयताकृती चौकट असेल, दोन बाजू उघड्या, तर त्यात पूर्ण काडेपेटी बसवायची, घासायची पट्टी बाहेर राहावी म्हणून त्या बाजू उघड्या. ही सेफ्टी काडीच्या जमान्यातली, जेव्हा काडी फक्त पेटीवरच पेटायला लागली आणि धातूवरच्या रेघांचं काम संपलं.

दट्ट्या, शिक्का की बुद्धिबळाचं प्यादं

पाईपचा दट्ट्या हा सगळ्यात स्वस्तात मिळणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा ओळखला जाणारा प्रकार आहे. पाच सहा सेंटीमीटरची पितळी आकृती, वर माणूस किंवा कोल्हा किंवा नुसता पाय, खाली दांडी निमुळती होऊन शेवटी चपटी चकती. एक असा दट्ट्या डोळ्यांसमोर आणा: वरच्या म्हाताऱ्याचं नाक आणि पोट अंगठ्याने घासून घासून सपाट झालंय, हॅटची कड मात्र धारदार शाबूत, कारण तिथे बोट कधी जातच नव्हतं. चकती उलटी केली की मधे जरा चमक आणि कडेने काळी गोल रेघ, जी नखाने खरवडली तरी निघत नाही, पेटत्या तंबाखूवर वर्षानुवर्षं दाबून बसलेली. नवीन ओतलेल्या नकलेत हे उलटं दिसतं, सगळीकडे एकसारखा काळा रंग फासलेला आणि नाक एकदम ताजं.

लाखेच्या शिक्क्याचा घाट असाच असतो, पण त्याच्या तळाला अक्षरं किंवा चिन्ह उलटं कोरलेलं असतं. गुळगुळीत असेल तर दट्ट्या. पाईपच्या वाटीचं तोंड साधारण २० मिमी, त्यामुळे चकती त्याहून मोठी असेल तर ती आत जाणारच नाही, मग प्यादं, वजन, बाटलीचं बूच, दुसरं काहीतरी शोधा.

सिगार कटर आणि आपला अडकित्ता

सिगारचं बंद टोक कापल्याशिवाय ओढता येत नाही, म्हणून कटर. बाहुलीत तोंड, पोट किंवा बाजूला गोल भोक, त्यात टोक घालायचं आणि शेपूट किंवा कान दाबायचा, आतलं पातं खटकन सरकतं. टेबलावरच्या मोठ्या कटरमध्ये कापलेले तुकडे पडायला खाली छोटा ड्रॉवर किंवा खोलगट जागा असते, त्यात तंबाखूचे कण सापडले तर लॉटरी. बोट घालून बघू नका, पेन्सिल घाला.

आपल्याकडे मात्र घोड्याच्या, मोराच्या, जोडप्याच्या आकाराचे पितळी अडकित्ते भरपूर आणि ऑनलाइन विकणारे त्यांना बिनधास्त सिगार कटर म्हणतात, कारण परदेशी गिऱ्हाईक लागतं. अडकित्त्याला भोक नसतं, दोन दांड्या आणि कात्रीसारखी उघडझाप, खालच्या दांडीवर सुपारी बसायची जागा. बरं, अडकित्ता सिगार कटरपेक्षा कुठल्याच बाबतीत कमी नाही, मला विचाराल तर कामात सरसच, मग नाव बदलून विकायची लाज का वाटावी?

त्याच पानाच्या तबकातलं चुनाळं, धुपाटणं, अत्तरदाणी, सुरमादाणी, कुंकवाचा करंडा, हे सगळं नवीन लोक विडीकाडीच्या ढिगात टाकतात. अंगभर जाळी आणि झाकण असेल, पण सिगारेट टेकवायला खाच नसेल तर धूपच समजा. देशी ओढायच्या वस्तू वेगळ्या ओळखायच्या. गुडगुडीचं बूड, त्यातही बिदरी काम, म्हणजे काळ्या जस्ताच्या अंगात चांदी जडवलेली, त्यावर चुंबक चिकटत नाही आणि वर नळी बसवायला गळा असतो. चिलमीवर ठेवायचं जाळीचं टोपण, कधी साखळ्या लावलेलं, हे सुटं मिळालं की लोक त्याला दिव्याचं झाकण समजतात. धातूची चिलीम शंकूसारखी, दोन्ही टोकं उघडी, त्यात खडा बसतो आणि खालून छापी, म्हणजे ओलं फडकं, गुंडाळतात. कुंभमेळ्याच्या गावात राहून चिलीम ओळखू आली नाही तर अवघड आहे.

चकमकही येते कधी कधी. आग पाडायचं पोलाद, त्याला मोराची किंवा वेलबुट्टीची पितळी मूठ. त्याचं अंग पितळेचं पण एक कड पोलादी, गारगोटीवर आपटून आपटून मधोमध झिजलेली. इथेही चुंबक कामाला येतो.

चाक, टाकी, गॅसचा वॉल्व्ह

डोकं मागे पाडलं आणि आत वात आणि दातेरी चाक दिसलं की लायटर, त्यात फार डोकं लावायला नको. तळाला एक मोठा स्क्रू पेट्रोलचा, एक छोटा चकमकीच्या खड्याचा. चिलखतवाला योद्धा असेल तर शिरस्त्राणाची जाळी उचला, हा जपानी माल भरपूर आलाय. तळाला जपानचं नाव आणि त्याआधी ऑक्युपाइड असा शब्द असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकन ताब्याची वर्षं, जी १९५२ ला संपली. तळाला गॅस भरायचा वॉल्व्ह असेल तर युद्धानंतरचाच.

चाक नाही, पण बाहुलीतून एक धातूची काडी उपसून निघते, तिच्या टोकाला वात आणि तळावर खरखरीत पट्टी, तर तो घासायचा लायटर. काडी पट्टीवर ओढायची, ठिणगीने वात पेटते. १९३० च्या सुमाराचे अमेरिकन आणि युरोपियन हत्ती, कुत्रे, नर्तकी यात खूप. काडी हरवलेली असते, हेच दुखणं, आणि नुसतं भोक बघून लोक याला पेनस्टँड म्हणतात. ड्रॅगन किंवा ग्रिफिनच्या (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेला काल्पनिक प्राणी) आकाराचा, पोटात तेल आणि शेपटीच्या बाजूला काड्या खोचायला नळ्या, असा दिसला तर तो जेवणानंतर टेबलावर फिरवायचा सिगार पेटवायचा दिवा.

सिगारेट देणारे प्राणीही असतात. बिडाचा हत्ती, शेपूट फिरवली की पोटाखालून सिगारेट येते. गाढवाचा प्रकार आणखी इरसाल, सिगारेट कुठून बाहेर येते ते तुम्हीच ओळखा. पक्षी असेल तर डबीचं बटण दाबल्यावर वाकून चोचीत सिगारेट उचलतो. अॅशट्रेचं सोपं, कडेला ८-१० मिमीच्या खाचा. पण नुसती बाहुली आणि तिच्या पायाखाली तुटका आट्याचा स्क्रू असेल तर ती मूळची अॅशट्रेवरची असेल, दिव्यावरची असेल, ट्रॉफीवरची असेल किंवा मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावरचीही असेल, एवढ्यावर कुणीही छातीठोक सांगू नये.

वय सांगणाऱ्याची परीक्षा कशी घ्यायची

हे भारी काम आहे. दुकानदार म्हणाला "पेशवेकालीन काडीची डबी," तर नम्रपणे हसा. पेशवाई १८१८ ला संपली आणि घासून पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकरने विकायला काढली १८२७ ला. "१८५७ च्या बंडातला लायटर" आणि त्याला चाक आणि खडा? तो खडा ज्या मिश्रधातूचा असतो तो ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १९०३ ला काढला. सिगारेट देणारा हत्ती झाशीच्या राणीच्या काळचा असू शकत नाही, एकाच जाडीच्या सिगारेटी मशीनवर निघायला लागल्या १८८० नंतर. धातूवर घासायच्या काड्यांच्या डब्या पहिल्या महायुद्धानंतर मागे पडत गेल्या, पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर तर भारतातही १९१३ च्या कायद्याने बंदी आली.

तळाचे छापही बोलतात. पतंगासारखा चौकोनी शिक्का म्हणजे ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ दरम्यान नोंदवलेलं डिझाईन, आर डी आणि पुढे नंबर म्हणजे १८८४ पासून पुढे. डी.आर.जी.एम. म्हणजे जर्मनीची नोंद, १८९१ नंतरची. लक्षात ठेवा, नोंदीची तारीख ही डिझाईनची, तुमच्या हातातला नग नंतरही ओतलेला असू शकतो.

नवा माल ओळखायला रेघा, भिंती आणि स्क्रू बघा. ओतून नुसत्या दाखवलेल्या रेघा उथळ असतात, त्यावर काडी घासली तर पेटणारच नाही, जुन्या रेघा कापलेल्या आणि टोकाला धार असलेल्या. भिंती गरजेपेक्षा जाड, आतला भाग खडबडीत, स्क्रू नवा फिलिप्सचा, म्हणजे प्लस खाचेचा, तर सरळ सोडून द्या किंवा शोपीसच्या भावात घ्या.

घेण्याआधी दोन कायदे माहीत हवेत. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तसला धंदा करायला लायसन्स लागतं, त्यामुळे परदेशातून कुणी मागितली तर लगेच कुरियरवाल्याकडे पळू नका. आणि मूठ किंवा बाहुलीचा चेहरा हस्तिदंती वाटला तर हातच लावू नका, वन्यजीव कायदा त्याच वर्षीचा आणि भरपूर कडक.

एवढं करूनही कळलं नाही तर जाणकाराला फोटो पाठवा, पण समोरून एक देखणा फोटो काढून "काय आहे सांगा" असं नको. तळ, भोक, आतली बाजू, हलणारा भाग उघडून आणि बंद करून, प्रत्येक फोटोत शेजारी पट्टी ठेवलेली, वजन ग्रॅममध्ये आणि चुंबक कुठे चिकटला ते लिहिलेलं. चेहऱ्याचा फोटो सगळ्यात शेवटी.